वकिलाच्या मुलीला ‘कब्जा’ शिकायचाय!

आम्ही तिघं म्हातारे जमलो, की बोलायला बसतो गुडघ्यांबद्दल आणि पोचतो नागपूरच्या इंटरव्ह्यूवर! किस्से असेच साठत जातात. घडतात तेव्हा नकोसे होतात, पुढे सांगता सांगता थोडं मीठ पडतं, थोडा मसाला पडतो, आणि मग मूळ भाजी कोणती होती हे सांगणाऱ्यालाही आठवत नाही.

तिघं म्हणजे मी नलू, अमरावतीच्या वकिलांची मुलगी. दुसरी शकू, अकोल्याची, मावशीकडे राहून आमच्या कॉलेजात शिकणारी. तिसरा बबन, अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांचा. विदर्भ महाराष्ट्रात येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आम्ही इंटर सायन्सला होतो. मेडिकलला आपले मार्क पुरणार नाहीत, हे तिघांनाही मनोमन ठाऊक होतं.

एक दिवस झूऑलॉजीच्या सरांनी वर्गात सांगितलं, “नागपूरला एक नवा कोर्स आहे. ऑक्युपेशनल थेरपी. आजारानं, अपघातानं ज्यांचे हातपाय अडले, त्यांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवायची. कुणाला जायचंय?”

अख्ख्या वर्गातून तीन हात वर आले. सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, “चला, निदान तुमचे हात चांगले आहेत!”

*

घरी सांगितलं. बाबा तेव्हा उद्याच्या केसचे कागद चाळत होते.

“ऑक्युपेशन?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे कब्जा! अगं, कब्ज्याचे दावे तर मी वीस वर्षं चालवतोय. त्यासाठी नागपूरला कशाला जायला पाहिजे?”

मी पुष्कळ समजावलं. हात, पाय, आजारी माणसं, सगळं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आईला हाक मारली, “अगं, ऐकलंस का? नलूला लोकांना त्यांच्याच हातापायांचा ताबा परत मिळवून द्यायचाय!”

आजतागायत याहून सोपी व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाही. तेव्हा मात्र मी पाय आपटून आत निघून गेले होते.

*

शकूचे काका अकोल्याला कापसाच्या धंद्यात. स्वतःची जिनिंग फॅक्टरी. शकूनं त्यांना कोर्स समजावून सांगितला, तेव्हा ते खो-खो हसत सुटले.

“हात चालत नाई म्हनून मानूस दवाखान्यात जाते, अन् तुमी त्यालेच कामाले लावता? मंग नागपूरले कायले जातं पोरी? माह्या जिनिंगात ये! तिथं सारे कामालेच लावेल हायेत!”

*

त्याच सुमारास शकूला एक स्थळ आलं. माणसं चांगली होती. मुलाच्या आईनं विचारलं, “पुढे काय शिकायचा विचार आहे?”

शकूनं सांगितलं. कुणाचा हात लुळा पडला, कुणाचा पाय गेला, तर त्याला आंघोळ, जेवण, कपडे, सगळं आपलं आपण करायला शिकवायचं.

बाई जरा कसंनुसं हसल्या. “आमच्या घरी देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत हो!”

शकू म्हणाली, “आज आहेत.”

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. पाहुणे गेल्यावर शकूच्या आईनं डोळ्याला पदर लावला. शकूचे वडील शाळामास्तर. पोरीला आता छडीच मिळणार, असं घरात सगळ्यांना वाटलं. ते बराच वेळ येरझारा घालत राहिले, मग तिच्यासमोर येऊन थांबले.

“शके, इंटरव्ह्यूत असं काही बोलू नकोस.”

म्हणजे इंटरव्ह्यूला पाठवायचं नक्की होतं!

*

तिथे हस्तकला विचारतात, अशी कुणीतरी पुडी सोडून दिली. झालं! मी बुरुडांच्या आळीत जाऊन टोपली विणायला शिकू लागले. शिकवणारी सरूबाई, हात असा चाले की बघत राहावं. माझी टोपली मात्र एका अंगानं बसकी, दुसऱ्या अंगानं चढलेली. बांबूच्या कामट्यांनी बोटं सोलून निघाली. एक दिवस मला रडूच फुटलं.

सरूबाईनं टोपली हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली.

“रडू नको वो बाई. हे टोपलं पाहून तुहा पेशंट हासन. अन् हासला म्हंजे अर्धा बरा व्हईन!”

इंटरव्ह्यूत टोपलीचं नावही कुणी काढलं नाही. टोपली अजून माझ्याकडे आहे. तिच्यात काही ठेवलं की कलंडतं.

*

नागपूरला निघालो. शकू तिच्या वडिलांबरोबर अकोल्याहून गाडीत बसून आली. मी, बाबा आणि बबन बडनेऱ्याला चढलो. समोरच्या बाकावर एक शेतकरी होते. त्यांच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच काढलेलं, बोटं कडक झालेली.

बबनला राहवेना. “काका, हे घ्या, शेंगा फोडा. याच हातानं. बोटं मोकळी होतीन.”

भाजलेल्या शेंगांची भलीमोठी पुडी शकूच्या आईनं पाचही जणांसाठी दिली होती. काका मन लावून फोडत राहिले. आम्ही तिघं डोळ्यांत तेल घालून त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. आमचा पहिला पेशंट! वर्धा आलं, पुडी संपली.

“कसं वाटते आता काका?” बबननं विचारलं.

काकांनी टरफलं झटकली. “हाताचं सांगता येत नाई बाप्पा. पन शेंगा मस्त होत्या!”

*

माझा इंटरव्ह्यू. मी हाडांची नावं घोकघोकून गेले होते. टेबलामागच्या मॅडमनी एकाही हाडाचं नाव विचारलं नाही.

“समजा, तुमचा पेशंट रडायला लागला. काय कराल?”

घोकलेलं सगळं उडून गेलं. तोंडातून खरं तेच निघालं, “मलाही रडू येईल, मॅडम.”

शेजारचे डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. “मग दोघांना सांभाळायला मला आणखी एक सीट भरावी लागेल!”

मी संपले, असं म्हणत बाहेर आले. पण तिघांनाही ॲडमिशन मिळाली. मला कशी मिळाली, हे मी पुढे शिकत असताना मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “बाकीच्या सगळ्यांनी रुमाल देईन म्हणून सांगितलं.”

*

आणि इंटरव्ह्यूच्याच दिवशीची दुपार. सगळ्या उमेदवारांना एका हॉलमध्ये बसवलं. प्रत्येकाच्या उजव्या हाताचा पंजा पट्टीनं गुंडाळून बांधला आणि पुढ्यात एकेक सदरा ठेवला. मॅडम म्हणाल्या, “घाला. सगळी बटणं लावा.”

हॉलमध्ये नुसती धांदल! माझा सदरा डोक्यावरच अडकला. शकू दातांनी बटण ओढत होती, आणि ते तुटून तिच्या तोंडातच राहिलं. पलीकडचा एक मुलगा सदऱ्यासकट खुर्चीवरून खाली आला. सगळे हसत होते.

बबन हसत नव्हता. त्यानं सदरा मांडीवर पसरला, बांधलेल्या हातावरून आधी एक बाही चढवली, मग पाठीमागून दुसरी ओढून घेतली. खालच्या बटणापासून सुरुवात केली. अंगठ्यानं बटण रेटायचं, बोटानं काज ओढायचं. घाई नाही, धडपड नाही.

मॅडम त्याच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. “कुणी शिकवलं?”

“बाबानं. त्याइले अर्धांगाचा झटका आला. तवापासून उजवा हात चालत नाई.”

मी आणि शकूनं एकमेकींकडे पाहिलं. वर्षभर एका बाकाच्या अंतरावर बसत होतो, त्यानं कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

“आणि त्यांना कुणी शिकवलं?”

“कोनीच नाई. पहिले आई लावून देत जाय.” बबनची मान खालीच होती. “मंग आई गेली.”

मॅडम वाकल्या आणि त्याच्या हाताची पट्टी सोडू लागल्या.

“थांबा मॅडम,” बबन म्हणाला, “एक बटन राह्यलं.”