मॅडमनी मला परत बोलावलं नाही

सुलतान बाजारात भाव जमला नाही की गिऱ्हाईक उठतं. दुकानदार त्याला पायऱ्या उतरू देतो आणि मग हाक मारतो. उठणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो चपला सावकाश घालतो. नारायणगुड्यात दारोदार साड्यांचं गाठोडं फिरवून मी दुकान उभं केलं, ते याच रिवाजावर. मुलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही मी तशीच उठले.

घराची ऐपत पाहून फी कमी करायची तिथे सोय होती. मुलगी शेजारीच बसली होती. तिचे मार्क बघून तिथल्या मॅडम खूश झाल्या. मग आमचे कागद चाळले आणि म्हणाल्या, "अम्मा, दुकान तर जोरात आहे तुमचं. पूर्ण फी झेपेल तुम्हाला."

त्यांनी दुकानाची वर्षभराची विक्री माझी कमाई धरली होती. सुरतच्या व्यापाऱ्याचे पैसे, भाडं, कामाच्या पोरींचे पगार, सगळं माझ्याच पदरात. इतकी श्रीमंत मी त्याआधी कधी नव्हते.

"हा गल्ला आहे, नफा नाही," मी म्हणाले.

"कागदावर हेच लिहिलंय."

"मग राहू द्या. कॉलेजं काय, गल्लोगल्ली पडलीत."

खरं तर प्रवेश त्याच संध्याकाळी बंद होणार होता आणि मुलीला हेच कॉलेज हवं होतं. मी सावकाश निघाले. दारापाशी पदर सारखा केला. जिन्यात उगाच चप्पल झटकली. आतून फक्त "नेक्स्ट" ऐकू आलं.

गेटबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन थांबले. परत जावं तर नाक कापलं जाणार, न जावं तर पोरीची सीट जाणार. रसाचा ग्लास घेतला. तेवढ्यात आत राहिलेली मुलगी हसत आली.

"आई, सीट राखली. नफ्याचा कागद उद्या द्यायचा, मग अर्धी फी माफ."

"केलंस काय तू?"

"त्यांना विचारलं, अंगावरची साडी केवढ्याची. मग त्यातले दुकानदाराला किती सुटतात ते सांगितलं."

"किती सांगितलेस?"

"खरे तेवढेच."

मला असा ठसका लागला की गाडेवाला पाणी घेऊन धावला. तो आकडा मी सख्ख्या बहिणीलासुद्धा कधी सांगितला नव्हता. ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. ऑटोत कोटीच्या चौकापर्यंत आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. ऑटोवाला आरशातून बघत होता.

दसऱ्याच्या आधी मॅडम दुकानात हजर. पोचमपल्ली साडी निवडली, भाव ऐकला आणि गोड हसल्या.

"नक्को अम्मा. यात तुम्हाला किती सुटतात, मला माहीत आहे."

"मग पोरीची फी कुठून भरू?"

"अर्धीच तर भरताय."

मी भावावरून हलले नाही. मॅडम उठल्या, चपला सावकाश घातल्या, पायऱ्या उतरल्या.

"आई, बोलाव ना त्यांना," मुलगी कुजबुजली.

"थांब."

मॅडम बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोचल्या, तिथे वळून बघितलं. मी साडीची घडी घालत राहिले. आणखी थोडं जाऊ दिलं. मग हाक मारली.

भाव जरा उतरवला. फॉल-पिकोचे मात्र पूर्ण पैसे लावले.