बाटलीतली पांढरी अळी

डोकं फिरलं म्हणून लिहून राह्यली.

आज बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं. बोंडअळीचं चित्र मी गुलाबी रंगवलं, तर सरांनी मार्क कापले. काहून? तर बाटलीतली अळी पांढरी हाय.

"सर, औषधात राहून तिचा रंग उडाला," म्हटलं, अन् पिशवीतून आमच्या नेरच्या वावरातलं बोंड काढून त्यांच्यासमोर फोडलं. आत जिवंत अळी, गुलाबी.

"समोर ठेवलेला नमुनाच काढायचा. ते बाहेर फेक."

जिल्हाभरची कपाशी या अळीनं पोखरली, अन् आमच्या प्रयोगशाळेत ती अजून पांढरीच हाय.

ते बोंड सकाळी बाबानं देलतं. म्हणे, "तुह्या सरले दाखव, यावर काय फवाराव ते इचार."

आता सांगा, घरी जाऊन बाबाले काय सांगू?