तीन जेवणांचा मुराळी

सोपानरावांच्या तोंडी एक वाक्य कायम तयार असे. "मुराळी येऊ द्या की, मी कुठं अडवतोय?" मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला न्यायला आलेला माहेरचा पुरुष. त्याच्याशिवाय सुनेनं माहेरची वाट धरायची नाही, ही त्या घरची रीत. आणि त्यांची सून शालन हिला ना भाऊ, ना चुलता. बाप होता तोवर वर्षातून एकदा डोंगर ओलांडून न्यायला यायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. सोपानरावांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते इतके उदार होते.

माहेर काही काशीला नव्हतं. चाकणपासून पाच तास चालल्यावर भामेच्या खोऱ्यात हे सासरचं गाव, आणि मागचा डोंगर चढून उतरलं की अडीच तासांत आईचं घर. त्या वाटेनं गुरं जात, लाकूडतोडे जात. शालनला तेवढी मनाई. सासू अंबुबाईंच्या अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात तेवढा हलायचा. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, शिवाय दोन म्हशी आणि भाताची खाचरं. नवरा चिमाजी बापापुढं मान वर न करणारा. सोपानरावांचा राग यावा, तर त्यांची अडचणही दिसायची. मग राग कुणावर काढावा तेच शालनला कळत नसे.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात उद्धव आला. मूळचा बीडकडचा, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नुकताच चिकटलेला. सपाट मुलखातल्या या गड्याला डोंगरांचं असं वेड लागलं होतं, की सुट्टी मिळाली रे मिळाली की पाठीवर पिशवी टाकून गावोगाव भटकायचा. सोबतचे म्हणत, "आठ तास उभं राहून तुझे पाय भरत न्हाईत का रे?" त्या दिवशी दिवेलागणीला तो सोपानरावांच्या ओसरीवर टेकला. पाहुण्याला काही कमी पडू देईल असं ते घर नव्हतं. सकाळी भाकरी बांधून देताना शालन हळूच म्हणाली, "दादा, पलीकडं उतरलात की पिंपळाजवळ पयलं घर माझ्या आईचं. म्हणावं, शालन बरी हाय."

महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, तो उलट्या वाटेनं डोंगर उतरून आला. खांद्यावर फडक्यात बांधलेली शिदोरी. ओसरीवर ती ठेवून म्हणाला, "मामा, काल शालनताईच्या आईकडंच मुक्काम केला. माउलीनं मला लेक मानलंय. तिची नजर चाललीय. म्हणाली, मला दिसतंय तोवर पोरीला आणून दाखव. मुराळी म्हणून आलोय."

चुलीपुढं शालनच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

सोपानरावांच्या हे ध्यानीमनी नव्हतं, पण म्हातारा मुरलेला. "आलास, लई झ्याक केलंस. पर मुराळ्याला तीन जेवणं घातल्याबिगर लावून द्यायचं न्हाई, आमच्यात रीत हाय. आज दुपार, आज रात, उद्या दुपार. मग ने खुशाल."

उद्धवचा चेहरा उतरला. "उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे मामा. ताईला पोचवून तळेगावला रातची गाडी धरायची. मी अजून कायम झालेलो नाही. खाडा पडला तर घरी बसवतील."

"मग सवडीनं ये पुन्यांदा," सोपानराव गोड हसले. चिमाजी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत राहिला.

शालनला वाटलं, इकडं रीत आणि तिकडं शिफ्ट, दोघांनाही चांगलं दावणीला बांधलंय की! आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. सासऱ्यापुढं कधी तोंड न उघडणारी ती बाई दाराआडून बोलली, "मामंजी, तीन जेवणंच न्हवं? रीतीत दिस तर मोजलेले न्हाईत."

उत्तराची वाट न बघता तिनं पाट मांडला. भाकरी आणि पिठलं वाढलं. उद्धव जेवला. तिनं ताट उचललं, त्याला हात धुवायला लावले, जागा पुसली आणि दुसरं ताट मांडलं, भात आणि आमटी. हे काय चाललंय ते बघायला शेजारच्या बाया दारात जमल्या. तिसऱ्या ताटात आईच्या शिदोरीतल्या पोळ्या आल्या. उद्धवच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, पण गडी मागं हटला नाही. शेवटचा घास गिळला तशी दारातली एक जण ओरडली, "तीन झाली गं बया!"

सगळी आळी हसली. चारचौघांत शब्द फिरवतील तर ते सोपानराव कसले. "जा," ते म्हणाले, "पाच दिस." आणि चिमाजी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, न विचारता बोलला, "म्हशींचं मी बघतो."

लुगडं बदलून शालन अंबुबाईंच्या पाया पडायला वाकली, तर म्हातारीनं उजव्या हातानं तिचा पदर धरला. सासऱ्याला उत्तर होतं, आळीला होतं. या मुठीला कुठून आणायचं?

"ताई, ऊन चढतंय," बाहेरून उद्धवनं हाक दिली.

शालननं एकेक बोट सोडवलं. जोर नव्हताच त्या बोटांत. असता तर बरं वाटलं असतं. "पाच दिसांत येते, आत्याबाई," म्हणाली आणि बाहेर पडली.

माहेरी निघालेली बाई वाटेनं बोलत सुटते. शालन माथ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. पोट धरून, दगडादगडावर टेकत उद्धव मागून आला आणि हात लांब करून म्हणाला, "ताई, तो बघा पिंपळ. ते बघा आईचं घर."

शालन मागं वळून सासरच्या कौलांकडं बघत होती. दुपारी म्हातारीला कुशीवर वळवायचं कुणाला सांगितलं होतं का, ते तिला काही केल्या आठवेना.