काकांच्या बोटीचा तळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली फालतू भांडणंसुद्धा सांगतो.

इथे अमेरिकेत ट्रॉयला आमच्या ओळखीचे एक प्रधानकाका आहेत. मूळचे मालवणचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक जुनी फायबरग्लासची बोट घेतली. मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा धंदा. तळाची दुरुस्ती काकांनी विश्वासाने माझ्याकडे दिली. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो — "दोन वीकेंडमध्ये करून देतो," असं चारचौघांत सांगून मोकळा झालो.

हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत गेलो. सगळीकडे टणक आवाज, आणि एका जागी भद्द. तिथे केसाएवढ्या चिरा होत्या. खरवडल्यावर आंबूस वासाचं तपकिरी पाणी झिरपलं. आतले थर भिजून सुटले होते — मला काय कळत नव्हतं का? खराब भाग कापायचा, काही आठवडे वाळू द्यायचा, मग काचकापडाचे नवे थर रेझिनमध्ये बसवायचे. सगळं ठाऊक होतं.

पण काकूंनी बोट पाण्यात उतरवायला अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला होता. तीस माणसांना बोलावणं गेलं होतं आणि हातात आठच दिवस होते. मुहूर्त टळला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. माझी फुशारकी तेवढी उघडी पडली असती. मी खड्ड्यात पुटी भरली, घासली, वर रंग मारला. काकूंनी बोटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिला पेढा मला भरवला. मी तो खाल्ला.

जूनमध्ये काका-काकू दोघंच बोट घेऊन लेकवर गेले. लाटांवर तळ आपटत होता, आणि अचानक आत पाणी भरायला लागलं. काकूंना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट होतं म्हणून — नाहीतर काय झालं असतं, ते मी अजून पूर्ण मनात आणू शकत नाही. शेजारच्या बोटीतल्या लोकांनी त्यांना वर ओढलं.

बोट किनाऱ्यावर आणली तेव्हा खाली वाकून पहिल्यांदा मीच पाहिलं. पुटी उखडून गेली होती. दगडाचा एक ओरखडासुद्धा नव्हता. काका मागे उभे होते.

"अरे नितीन, डेप्थ बघायला मी चुकलो का रे? खाली रॉक असणार. माझ्याच हातून लागली ना?"

नाही काका — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लागली असेल, काका."

बोट भंगारात गेली. नजरेवर भरवसा राहिला नाही म्हणून वर्षभरात काकांनी गाडी चालवणंही सोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरने नजर ठणठणीत आहे असं सांगूनही सोडलं. आता दर शनिवारी मीच दोघांना देवळात आणि ग्रोसरीला नेतो. लोक म्हणतात, मुलासारखं करतो. मी भित्रा आहे.

गेल्या शनिवारी मागच्या सीटवर काकांनी काकूंचा हात धरला. "तुला मी बुडवलीच असती गं," ते म्हणाले.

"पुरे आता," काकू म्हणाल्या.

मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.