आता काढा

बेंबळीत आमच्या शेजारी राहणारे चाचा हवेशी बोलतात, असं गाव म्हणायचं. त्यांनी स्वतः जुळवलेलं बिनतारी यंत्र बॅटरीवर चालायचं. त्याची उघडी तार निंबावरून परसात उतरली होती. यंत्र चालू असताना तिला हात लागला तर कातडी भाजायची. म्हणून चाचांनी झाडावर चिनी मातीच्या कपांवर एक खटका बसवला होता. घरातून दोरी ओढली की तो सरकून तार यंत्राला जोडायचा, पुन्हा ओढली की जमिनीला; मग तिला हात लावला तरी चालायचं. यंत्राला जोडण्याआधी चाचा न चुकता ओरडायचे, "बाजूला व्हा!" परसात कोंबडीसुद्धा नसली तरी.

लढाई सुरू झाली आणि असली यंत्रं जप्त करायचा हुकूम निघाला. पोलीस जमादार आला तेव्हा यंत्र चालूच होतं. तो थेट परसात शिरला आणि तारेकडं हात नेऊ लागला. चाचांनी खिडकीतून पाहिलं.

"हात नका लावू!"

त्यांनी दोरी ओढून तार जमिनीला जोडली, मग म्हणाले, "आता काढा."

तार गेली, यंत्रही गेलं. मी चिडून म्हणालो, "चाचा, बसू द्यायचा व्हता एक चटका. पळाला असता."

"हुकूम वरचा व्हता, बाबा," चाचा म्हणाले. "हात त्याचा व्हता."