जागा शिल्लक असलेली डीव्हीडी

इवाकिरीसानांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट काठोकाठ भरली नाही. भाताचा वाडगा असो, लोणच्याची बरणी असो की टेलिफोन कंपनीतली हक्काची रजा, थोडी जागा राखलेली असायचीच. "पुढेमागे लागली तर?" एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. निवृत्त होऊन ते डोंगरातल्या आपल्या गावी परतले आणि कंपनीच्या नावावर गावानं त्यांना कॉम्प्युटरमधले जाणकार ठरवून टाकलं. त्यांनी जन्मभर खांबांवर तारा ओढल्या होत्या. पण तो खुलासा ऐकायला कुणी थांबलं नाही.

त्यामुळे गावच्या कागुराच्या, म्हणजे हिवाळ्यात देवापुढे होणाऱ्या नाचांच्या, सगळ्या डीव्हीड्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. उन्हाळाभर ते एकेक डीव्हीडी घालत आणि फाइल तयार होईपर्यंत समोर मांडी घालून बसत, नजर हटली तर यंत्र कामचुकारपणा करील अशा थाटात. सगळ्या उतरल्या. धनुष्याच्या नाचाची तेवढी राहिली. ती कोरी आहे, असं कॉम्प्युटरचं मत पडलं.

तो नाच एकट्या ओगाता आजोबांना येत होता. वसंतात त्यांना अर्धांगाचा झटका आला; हात उचलेना, जीभ वळेना. यंदा त्यांच्या जागी उभं राहायचं होतं ते नासूला. नासू आळंबी पिकवायचा, पन्नाशीला आला होता.

"मनगट कसं वळवायचं ते विचारलं की आजोबा डोळे मिटून घेतात," तो म्हणाला होता. "यंदा चुकलं तर पुढे कोण करणार, इवाकिरीसान? डीव्हीडीच काय ती दाखवील."

नेमकं काय घडलं होतं ते इवाकिरीसानांना एका सकाळी दात घासताना उमगलं. रेकॉर्डरवर भरलेली डीव्हीडी शेवटी त्याच रेकॉर्डरवर बंद, म्हणजे फायनलाइज, करावी लागते. तोवर दुसऱ्या यंत्राला ती कोरीच दिसते. हे नाच त्यांनीच घरच्या रेकॉर्डरवर भरले होते आणि पूर्ण भरलेली डीव्हीडी ते नेमानं बंद करत. या एकीवर जागा शिल्लक होती, म्हणून ती तशीच ठेवली होती.

तोंडातला फेस तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "सुमिए, आपला जुना रेकॉर्डर?"

"खाली रस्त्यावर," बायको म्हणाली. "आज मोठ्या कचऱ्याची गाडी येते ना. पैसे भरल्याची चिठ्ठी चिकटवून ठेवलाय. तुम्हीच म्हणालात टाक म्हणून. जन्मात एकदा टाक म्हणालात, म्हटलं मत बदलायच्या आत टाकावा."

ते सपाता घालून उतारावरून धावले. रेकॉर्डर गाडीत चढलेला होता.

"आजोबा, चिठ्ठीचे पैसे परत मिळत नाहीत," कामगार म्हणाला.

"नकोत," म्हणत इवाकिरीसान कमरेत वाकले आणि रेकॉर्डर हातात पडेपर्यंत वाकलेलेच राहिले.

निरोप मिळताच नासू आला. रेकॉर्डर टीव्हीला जोडून झाला होता. यंत्राची खोड घरात सगळ्यांना ठाऊक होती: चहा निवेपर्यंत चालायचं, मग तापून बंद पडायचं. मागच्या वेळी बंद पडलं ते कितीतरी दिवस हूं की चूं न करता बसलं होतं.

"नाच लावा, मी फोनवर टिपतो," नासू म्हणाला.

"नाच अर्ध्या तासाचा आहे. मनगटापर्यंत पोचायच्या आत हे झोपेल. डीव्हीडी बंद करायला कमी वेळ लागतो."

"आणि बंद करतानाच झोपलं तर?"

"तर डीव्हीडीही गेली."

पडद्यावर प्रश्न उमटला: यापुढे या डीव्हीडीवर काहीही भरता येणार नाही. बंद करायची? इवाकिरीसानांचा अंगठा रिमोटवर थांबला.

"आता तिथे कुणाला जागा द्यायची आहे तुम्हाला?" सुमिए म्हणाली. "यंत्र तापतंय."

त्यांनी 'हो' दाबलं.

पट्टी पुढे सरकू लागली. सुमिए पंखा घेऊन रेकॉर्डरला वारा घालत बसली. नवऱ्याला तापात तिनं इतक्या मनोभावे घातला नव्हता. अर्ध्यावर पट्टी थांबली. आतून करकर आली. नासूनं मुठी आवळल्या. जळकट वास येऊ लागला तशी पट्टी पुन्हा हलली, सरकत सरकत टोकाला टेकली, 'झालं' अशी अक्षरं उमटली आणि पडदा काळा झाला. डीव्हीडीचा खण काही उघडेना.

इवाकिरीसानांनी स्क्रू काढून डीव्हीडी बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. चक्र फिरत राहिलं. मग ओगाता आजोबा दिसले, दोन्ही पायांवर ताठ, हातात धनुष्य.

मांडीवरचं नासूचं मनगट आजोबांच्या मागोमाग वळू लागलं.

फाइल तयार झाल्यावर इवाकिरीसानांनी तिच्या दोन प्रती काढल्या. दुसरीनं कॉम्प्युटरची डिस्क काठोकाठ भरली.

"मावत नाही आता काही," ते म्हणाले.

"आणि हे?" सुमिएनं उघड्या पडलेल्या रेकॉर्डरकडे हात केला. "चिठ्ठी अजून चिकटलेली आहे."

इवाकिरीसानांनी तो उचलला आणि खाली रस्त्यावर नेऊन ठेवायला ते सपाता शोधू लागले.