मातकट नावाचा सिग्नल

उजवा हात खांद्यापासून सरळ पुढे, बोट ताठ, आणि मग आरोळी: “हिरवा!” एवढं झाल्याशिवाय आमचे शेजारचे काका चौक ओलांडत नसत.

ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. इंजिनात दोघं असतात. दोघांनीही सिग्नल मोठ्याने सांगायचा, आणि तोही स्वतःच्या डोळ्यांनी बघून, दुसऱ्याचं ऐकून नव्हे. निवृत्तीनंतर स्कूटरवरही हाच कारभार. काकू मागे बसून, पर्स सांभाळत “हिरवा” म्हणायच्या. काकू गेल्यावर काका एकटेच ओरडायला लागले. आमच्या गुढियारीच्या चौकात बाजूचा रिक्षावाला “हव भैया, हरा है” म्हणाला, की मगच स्कूटर हलायची. मागे खोळंबलेले लोक काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. पण तुमचा शेजारी टोमॅटोकडे हात करून “लाल!” ओरडत नसेल. आमच्या भाजीवालीला रोज उत्तर द्यावं लागे: “लाल है बाबा, ले जाओ.”

मग डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. काका ऑपरेशनला तयार होईनात.

“डोळा नापास झाला की ड्रायव्हरले इंजिनावरून उतरवतेत, ताई. ऑफिसात फायली उचलाले बसवतेत. पूर्ण नोकरीत मी एकदाही नापास झालो नाही. आता ह्या पोट्ट्या डॉक्टरच्या हातून होऊ?”

“काका, तुम्ही घरी बसलेले आहात. तुम्हाला कोण कशावरून उतरवणार?”

“प्रश्न तो नाही.”

प्रश्न माझ्या दृष्टीने स्कूटरचा होता. त्याच आठवड्यात त्यांनी रस्त्यात उभ्या गाईला पाच मिनिटं हॉर्न दिला होता. ती ताडपत्री घातलेली हातगाडी होती. पुढच्या वेळी गाडी उभी नसेल, चालती असेल, आणि ट्रक असेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता.

आमच्या मराठी मंडळाच्या सहली मी ठरवते. त्या वर्षी आंध्रातलं गंडीकोट ठरलं होतं. जुना किल्ला, आणि त्याच्या मागे लाल खडकांची दरी.

“लाल आहे ना नक्की?” काकांनी विचारलं. “मंग ठरलं. मले लाल दिसली तर ऑपरेशन नाही. नाही दिसली, तर तुमी म्हणाल त्या टेबलावर झोपतो.”

डोळे तपासायला परराज्यातली दरी लागणारा पेशंट मी त्याआधी पाहिला नव्हता. पण बस अर्धी रिकामी होती, म्हणून मी हो म्हटलं.

किल्ल्यातून दरीकडे जाणारी वाट शेवटी मोठ्या धोंड्यांमधून जाते. एका वेळी एकच माणूस. काका सगळ्यांत पुढे. समोर दरीचे कडे दिसू लागले तसा त्यांचा हात वर गेला. आरोळी आलीच नाही.

मागे आम्ही बावीस जणं, सकाळी सहाला पोहे खाल्लेले.

“काहून थांबले सगळे?”

“काका थांबले.”

“त्यांना काय झालं?”

“सिग्नल.”

मागून एक वहिनी ओरडल्या, “लाल आहे हो काका! सरका आता!”

“कोणी सांगू नका मले!” काका गरजले. मग बराच वेळ बघत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, “मातकट.” आणि लगेच स्वतःवरच चिडले. “मातकट नावाचा सिग्नल नसते.”

हात अजून वरच होता.

“ताई, तुमी सांगा. पाहून सांगा हो. माझं मन राखू नका.”

मी धोंड्यावर चढून पाहिलं. खाली नदी हिरवी, आणि दोन्ही बाजूंचे कडे भट्टीतून आत्ताच काढलेल्या विटांसारखे. दुसरा शब्दच नव्हता.

“लाल,” मी म्हटलं. “लालभडक.”

“नापास,” काका म्हणाले आणि हात खाली घेतला.

आता तरी वाट मोकळी होईल असं आम्हाला वाटलं. पण नाही. लाल सिग्नल ओलांडायला लेखी परवानगी लागते. मी हॉटेलच्या खोल्यांच्या यादीमागे लिहून दिलं: ‘दरीकडे जाण्यास परवानगी आहे.’ खाली सही केली. त्यांनी कागद नाकाला लावून वाचला, घडी करून खिशात ठेवला. आणि परवानगी मिळाली तरी वेग कमी ठेवावा लागतो म्हणे. पन्नास पावलांना आम्हाला वीस मिनिटं लागली.

परतल्यावर त्यांनी निमूट ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मीच त्यांना रिक्षाने घरी आणलं. फाटकापाशी ते थबकले.

“हे कोणाचं घर?”

“तुमचं.”

“गुलाबी?”

काकू गेल्या त्या वर्षी त्यांनी रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून स्वतः पसंत केलेला रंग होता. त्यांच्या समजुतीने मलई. लग्नाच्या हॉलला शोभेल असा तो गुलाबी दोन वर्षं सगळा मोहल्ला बघत होता.

“तुमी काहून नाही बोलले?”

“मला वाटलं तुमची आवड असेल.”

“आवड!” ते भिंतीकडे बघतच राहिले. मग शांतपणे म्हणाले, “इंजिनात दुसऱ्यानं बोलाव लागते, ताई. तो त्याच्यासाठीच असते.”

रंग मात्र बदलू दिला नाही. “राहू द्या. आता मले दिसते.” नंतर दीड वर्ष त्यांनी त्या घरात चष्म्याशिवाय पेपर वाचला. एका सकाळी वाचता वाचताच गेले.

त्यांच्या मुलीने घर विकलं. नवा मालक भला माणूस. फाटकात उभा राहून त्याने मला विचारलं, “दीदी, ये गुलाबी रहने दूँ? आपके सामने ही रहता है.”

“भयानक है,” मी म्हटलं. “बदल दो.”

दुसऱ्याच दिवशी रंगारी आला. पांढऱ्याचा पहिला हात मारला, तरी खालून गुलाबी दिसतच होता. दुसऱ्या हातानंतरही खिडक्यांच्या कडेने होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी धुतलेले कपडे वाळत घालत होते तेव्हा तो गुलाबी पुरता दिसेनासा झाला.